घोटून दाढी

"साहेबांनी आज त्याची बिनपाण्यानं केली," असं कुणी म्हटलं की काय केली, हे मराठी माणसाला विचारावं लागत नाही. हजामत हा शब्द गाळला तरी अर्थ पोचतो. कोरड्या गालावर वस्तरा फिरला तर काय होईल, हे ज्याच्या गालाला कधी वस्तरा लागलेला नाही त्यालाही कळतं. दाढी पाण्यानंच करायची, ही समजूत या बोलण्यात मुरलेली आहे. पाणी नसेल तर ती दाढी नव्हे, शिक्षा.

इंग्रजीत उलटं झालं. वस्तरा किंवा रेझर, ब्रश आणि साबण घेऊन केलेल्या दाढीला तिथे आज 'वेट शेव्हिंग' असं वेगळं नाव आहे. ते लागलं, कारण मध्येच कोरडी दाढी निघाली. जेकब शिक या अमेरिकन माणसाचं विजेवर चालणारं दाढीचं यंत्र १९३१ साली बाजारात आलं आणि १९३९ साली फिलिप्सचं गोल पात्यांचं यंत्र निघालं. पाणी नको, साबण नको, असा या यंत्रांचा डौल होता. तोवर जी नुसती 'शेव्ह' होती तिच्यामागे मग 'ओली' हे विशेषण लावणं भाग पडलं.

जुन्या वस्तूला नव्या वस्तूमुळे नाव मिळणं मराठीला नवीन नाही. भाताच्या गिरण्या येईपर्यंत सगळाच तांदूळ हातानं सडलेला असे. गिरणी आली आणि 'हातसडीचा तांदूळ' जन्माला आला. तेलाचं तेच झालं. पूर्वी तेल म्हटलं की घाण्याचंच. आता 'लाकडी घाण्याचं' अशी पाटी लावावी लागते आणि त्या पाटीचे दोन पैसे जास्त मोजावे लागतात. 'चुलीवरची भाकरी' आणि 'पाट्यावरची चटणी' ही नावं ऐकून आजच्या हॉटेलात गर्दी होते, पण आजीच्या काळात त्यांना नुसतं भाकरी आणि चटणी म्हणत.

दाढीचं काय? बॅजरच्या केसांचा ब्रश, जड दांड्याचा रेझर आणि वाडग्यातला साबण असा संच आता पुण्या-मुंबईत हौसेनं विकत घेतला जातो. हौस चांगली आहे. पण या सगळ्याला मराठीत काय म्हणायचं, असा प्रश्न पडला की लोक थेट 'वेट शेव्हिंग' म्हणून मोकळे होतात, किंवा फार तर 'ओली दाढी' असं भाषांतर करतात. ओली दाढी म्हणजे नुकत्याच तोंड धुतलेल्या दाढीवाल्याची दाढी. कानाला ते तसंच ऐकू येतं. ज्या भाषेत या एका कामाला अर्धा डझन शब्द आहेत, तिला उसनवारीची गरज का पडावी?

शब्दांपैकी सगळ्यात जवळचा 'दाढी'. संस्कृतातल्या दंष्ट्रेपासून आपली दाढ आली. दाढा जिथे असतात त्या जबड्यावर जे केस उगवतात ती दाढी. मनुस्मृतीत 'दाढिका' हा शब्द दाढी याच अर्थानं येतो. मौज अशी की मराठीत दाढी 'ठेवली' म्हणजे ती असते आणि दाढी 'केली' म्हणजे ती जाते. परभाषेतून मराठी शिकणारा इथे हमखास अडखळतो, कारण 'करणं' म्हणजे घडवणं असं तो शिकून आलेला असतो. 'श्मश्रू'चं नशीबही असंच. मुळात श्मश्रू म्हणजे दाढी-मिशा. पण मराठीत 'श्मश्रू झाली' म्हणजे त्या उतरल्या. जुन्या घरांत वडीलधारे रविवारी सकाळी 'श्मश्रू करून घेतो' म्हणत आणि आंघोळीचं पाणी तोवर तापत ठेवलं जाई.

'क्षौर' हा शब्द 'क्षुर' म्हणजे वस्तरा यापासून निघाला. त्याच घराण्यातली क्षुरिका झिजत झिजत स्वयंपाकघरात आली आणि 'सुरी' झाली. कांदा चिरणारी सुरी आणि गाल साफ करणारा क्षुर ही अशी दूरची भावंडं आहेत. कठोपनिषदानं आत्मज्ञानाची वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी अवघड म्हटली, आणि सॉमरसेट मॉमनं १९४४ साली आपल्या कादंबरीचं नाव त्यावरूनच ठेवलं.

पण या विषयावरचा सर्वांत सुंदर पुरावा अथर्ववेदात आहे. सहाव्या कांडातलं अडुसष्टावं सूक्त केस-दाढी उतरवण्याच्या विधीचं आहे. सूक्त अवघं तीन ऋचांचं. त्यात सवितादेव वस्तरा घेऊन आलेले असतात आणि वायूला सांगितलं जातं की तू ऊन पाणी घेऊन ये. आदित्य, रुद्र आणि वसू यांनी केस भिजवावेत अशी प्रार्थना होते. मग अदितीनं दाढी उतरवावी आणि पाण्यानं ती आपल्या तेजानं ओली करावी, असं मागणं येतं. क्षुर, श्मश्रू आणि वपन म्हणजे केस उतरवणं, या तिन्हींचा उल्लेख या एवढ्याशा सूक्तात सापडतो. देवांच्या मांदियाळीत कामाची वाटणीही किती नेमकी आहे: एकाकडे हत्यार, एकाकडे गरम पाणी, बाकीच्यांकडे भिजवण्याचं काम. कोणत्याही सलूनमधल्या जाणत्या कारागिराला विचारा. दाढीत निम्मं काम भिजवण्याचं असतं, हेच तो सांगेल.

'हजामत' अरबीतून फारसीच्या वाटेनं आली. मूळ अरबी 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. हे काम करणारा तो हज्जाम. आपल्याकडेही फासण्या टाकणं आणि तुंबड्या लावणं ही कामं न्हावी करत असे, कारण गावात इतकं धारदार हत्यार आणि इतका स्थिर हात दुसऱ्या कुणाकडे नसे. युरोपातही हीच रीत होती. लंडनमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संघटना होती, ती १७४५ साली वेगळी झाली. म्हणजे 'हजामत' हा शब्द मुळात वैद्यकीतला आहे. मराठीत तो पुढे लुबाडण्याच्या आणि झाडण्याच्या अर्थानं इतका वापरला गेला की आज 'हजाम' म्हणणं ही शिवी वाटते. 'वस्तरा' हाही फारसी 'उस्तुरा'चा मराठी अवतार. त्याला मात्र असा कमीपणा चिकटला नाही.

काम करणाऱ्याची नावंही प्रदेशाप्रमाणे बदलतात. देशावर न्हावी, मराठवाड्यात वारीक, विदर्भात म्हाली, गोव्यात म्हालो. न्हावी या शब्दाचं नातं न्हाण्याशी आहे. म्हणजे इथेही पाणी आलंच. विसाव्या शतकात समाजानं स्वतःसाठी 'नाभिक' हे नाव घेतलं, ते सन्मानासाठी, आणि आज लिहिताना-बोलताना तेच वापरणं योग्य. संत सेना महाराजांनी मात्र आपण वारीक आहोत हे अभंगात उंच स्वरात सांगितलं. त्यांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात धंद्याचं सगळं सामान येतं: विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा आणि डोई भिजवायला शांतीचं पाणी. साबणाचा तिथे पत्ता नाही. डोई पाण्यानं घोळायची, बोटांनी चोळून केस मऊ करायचे आणि मग वस्तरा धरायचा, ही साबणापूर्वीची पद्धत त्या अभंगात जशीच्या तशी दिसते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही भगत सैण म्हणून धनाश्री रागातलं त्यांचं एक पद आहे. न्हाव्याच्या धंद्याला भक्तीच्या इतिहासात एवढी मोठी जागा मिळाली आहे.

बारा बलुतेदारांमध्ये न्हाव्याचं काम दाढी-डोक्यापुरतं नव्हतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात या सगळ्या व्यवस्थेचा हिशेब मांडलेला आहे. पाटलाकडे आलेल्या पाहुण्याचं अंग चेपायचं, लग्नकार्यात राबायचं, निरोप पोचवायचे, जावळ काढायचं, सुतकात क्षौर करायचं, आणि या सगळ्याचा मोबदला सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपानं घ्यायचा. रोख पैसा हातात पडत नसे. बगलेत धोकटी असे. धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, फणी, आरसा आणि पाण्याची वाटी. धार लावायला कातड्याचा पट्टा. न्हावी आला की ओसरीवर पोतं अंथरलं जाई आणि घरातले पुरुष वयाच्या क्रमानं पुढे बसत.

याच समाजातल्या जिवा महालानं १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांवर आलेला सय्यद बंडाचा वार अडवला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तेव्हापासूनची. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला आणि प्राणाला मुकला. तोही नाभिक होता, असं परंपरा सांगते. पन्हाळ्यावर त्याचं स्मारक आहे.

या धंद्याच्या इतिहासात एक पान असं आहे की ते वगळून दाढीच्या साबणाबद्दल लिहिणं बरं दिसणार नाही. जो वस्तरा मुलाचं जावळ काढताना कौतुकाचा असे, तोच विधवेच्या डोक्यावर फिरताना 'केशवपन' हे सोवळं नाव घेऊन येई. नवऱ्यामागे राहिलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीसुद्धा त्यातून सुटत नसत. सुधारक आगरकरांनी या चालीवर सडकून लिहिलं. पण हत्यार ज्यांच्या हातात होतं त्यांनीच नकार दिला, हा प्रसंग सर्वांत मोठा. गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार तिथे झाला. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता. शाळेच्या पुस्तकात याला दोन ओळी मिळतात. त्याला एक पूर्ण धडा मिळायला हवा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गावचा न्हावी दलितांची दाढी करत नसे. त्याला ते करू दिलं जात नसे. त्या वस्त्यांमध्ये लोक एकमेकांचीच हजामत करत. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका गोऱ्या न्हाव्यानं गांधीजींचे केस कापायला नकार दिला तेव्हा त्यांनी मशीन विकत घेऊन स्वतःच केस कापले. ते इतके वेडेवाकडे झाले की कोर्टातले मित्र हसले. पण आत्मचरित्रात हा प्रसंग सांगताना गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपण आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देत नाही, त्याचंच हे फळ, असं त्यांनी लिहिलं. संविधानानं अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५च्या कायद्यानं सेवा नाकारणं हा गुन्हा ठरवला. तरीही खेड्यातल्या सलूनची खुर्ची सगळ्यांसाठी मोकळी व्हायला पुढे बरीच वर्षं लागली.

राम नगरकरांनी 'रामनगरी'त हे सगळं जग आतून दाखवलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातला हा नट न्हाव्याच्या घरातला. आपल्या धंद्याबद्दलची लाज आणि माया त्यांनी एकत्र सांगितली आणि एकपात्री प्रयोगातून ती घराघरांत पोचवली. कांतिलाल राठोड यांनी त्यावर १९८२ साली हिंदी चित्रपट केला, त्यात अमोल पालेकर होते.

घरच्या घरी दाढी करण्याची सोय जगाला मिळवून दिली ती किंग कँप जिलेट यांनी. बदलून टाकायच्या पातळ पात्याचा त्यांचा रेझर १९०३ साली विक्रीला आला आणि त्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारी साहित्यातच हा रेझर मिळाला आणि ते तो घेऊनच घरी परतले. याच युद्धाच्या काळात दाढीच्या ब्रशनं घातही केला. बॅजरचे केस मिळेनासे झाले तेव्हा परदेशातून आणलेले घोड्याचे केस ब्रशात भरले गेले, ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि अमेरिकेत व इंग्लंडमध्ये दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स झाला.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर देशी पाती निघाली. 'टोपाझ' आणि 'पनामा' ही नावं साठी-सत्तरीतल्या वाचकांना आठवतील. ठाण्याच्या वागळे इस्टेटचं नाव 'सुपरमॅक्स'नं देशोदेशी नेलं. गोदरेजच्या गोल चपट्या साबणाची वडी प्लास्टिकच्या वाटीत बसलेली असे आणि रोज ब्रश फिरून तिच्या मधोमध खळगा पडे. वडील दाढीला बसले की मुलांनी आरशामागे उभं राहून फेसाचा ठिपका नाकावर लावून घ्यायचा, हा अनेक घरांतला सकाळचा कार्यक्रम होता.

घरात रेझर आला, पण सलूनमधून वस्तरा गेला नाही. त्याचं रूप तेवढं बदललं. एका पोलादी पात्याचा, कातड्यावर परजायचा वस्तरा एड्सच्या भीतीच्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, झपाट्यानं मागे पडला. त्याच्या जागी आला अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा. कारागीर नवं ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध वाकवतो, कट् असा आवाज होतो, आणि एक अर्धा दांड्यात सरकवून दुसरा पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदातच ठेवतो. गिऱ्हाइकासमोर ब्लेड मोडणं हा आता शिष्टाचार झाला आहे. नाव मात्र तेच राहिलं. लोखंड बदललं, मूठ बदलली, तरी त्याला कुणी परदेशातल्यासारखं 'शॅव्हेट' म्हटलं नाही, वस्तराच म्हटलं. मराठीची पचनशक्ती अशी आहे.

आता जवळून पाहण्यासारखी गोष्ट. तालुक्याच्या कुठल्याही गावातलं दोन खुर्च्यांचं सलून. कारागीर आधी गालावर पाणी मारतो आणि बोटांनी चोळतो. केसाला पाणी प्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ होतो आणि त्याला कापायला खूप कमी जोर लागतो. घाई असलेला कारागीर इथेच ओळखू येतो. मग ब्रश गोल गोल फिरू लागतो. ब्रशनं नुसता फेस होत नाही, आडवे झोपलेले केस उभे राहतात आणि फेस मुळापर्यंत उतरतो. फेस चेहऱ्यावर तसाच सोडून कारागीर ब्लेड बदलायला वळतो, तो वेळ वाया जात नाही. पहिला हात कानशिलापासून खाली, केसांच्या कलानं. डाव्या हाताचा अंगठा कातडी ताणून धरतो, कारण सैल कातडीवर धार अडखळते. वस्तरा जवळजवळ आडवा, थोडासाच उचललेला. उभा धरला तर तो कापणार नाही, खरवडेल. हनुवटीच्या खळगीत तो टोकानं चालतो, मिशीखाली नाकाचा शेंडा दोन बोटांत धरून. उतरलेला फेस मनगटाजवळ किंवा कागदाच्या तुकड्यावर पुसला जातो. मग दुसऱ्यांदा फेस, आणि दुसरा हात उलटा, खालून वर. शेवटी तुरटीचा खडा ओल्या गालावर फिरतो. जिथे झोंबलं तिथे हात जड पडला, हे दोघांनाही कळतं.

या दुसऱ्या हाताला, या पुन्हा फेस लावून केलेल्या कामाला मराठीत एक क्रियापद आहे. घोटणं. वैद्य खलात औषध घोटतो, मूल पाटीवर अक्षर घोटतं, गवई एकच पलटा पहाटेपासून घोटतो. एकाच गोष्टीवरून पुन्हा पुन्हा, दाबून पण हळुवार, गुळगुळीत होईतो हात फिरवणं असा त्याचा अर्थ. जुन्या कथा-कादंबऱ्यांत सरकारी अधिकारी किंवा शाळामास्तर यायचा तो 'तुळतुळीत घोटलेली दाढी' घेऊनच. यंत्रानं दाढी घोटता येत नाही, ती फक्त उतरते. बाहेरून आलेल्या फवाऱ्याच्या फेसानं आणि चार पात्यांच्या रेझरनं घाईघाईत केलेलीही घोटलेली नसते. वस्तरा, ब्रश, साबण, ऊन पाणी आणि वेळ या पाचही गोष्टी त्या एका क्रियापदात आधीच आहेत.

म्हणून 'वेट शेव्हिंग'ला मराठीत काय म्हणावं, याचा निकाल मराठीनं केव्हाच दिलेला आहे. वस्तऱ्यानं केली तर वस्तऱ्याची दाढी, आणि ब्रश-साबण घेऊन निगुतीनं केली तर, हत्यार कोणतंही असो, घोटून केलेली दाढी. पुढच्या वेळी सलूनच्या खुर्चीत मान मागे टेकवल्यावर 'क्लासिक शेव्ह' मागू नका. "दादा, घोटून करा," एवढं म्हणा. ते आधी गालावर पाणी मारतील.